सनरूफचं नंतर बघू, आधी मागचा पट्टा लावा!

मंडळी, गाड्यांचं वेड मला पहिल्यापासून. सांडोरात कुणी नवी गाडी घ्यायची म्हटली की फोन येतो, "कुठली घेऊ?" आणि हल्ली लगेच दुसरा प्रश्न, "सनरूफ आहे ना तिला?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी जुन्या जाणत्यांचं. "फियाटसारखी गाडी होणे नाही, पत्रा काय होता!" असं ते म्हणतात. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर माझाही जीव आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीतून कायमची गेली, तेव्हा वाईट वाटलं. पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, हे काही खरं नाही. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपला की बराचसा जोर तिथेच जिरतो. तो चेपला नाही तर जोर आतल्या माणसावर येतो. आताच्या गाड्यांचं बॉनेट चेपतं ते चेपण्यासाठीच केलेलं असतं. माणसं बसतात तो सांगाडा तेवढा शाबूत राहायला हवा.

आता कंपन्यांचं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या आपल्याकडच्या पाच गाड्या धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे! पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले, नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरनेही. म्हणजे कंपन्यांना जमत होतं, आपण मागत नव्हतो. सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा विचार सरकारनेही २०२३ मध्ये सोडून दिला. तेव्हा मागायचं काम आता आपल्यालाच करायचंय.

मध्यंतरी एका मित्रासोबत शोरूमला गेलो होतो. सेल्समनने टचस्क्रीन आणि रंगीत लाइट यावर अर्धा तास घालवला. मागच्या सीटवर मधल्या माणसाला तीन-बिंदू पट्टा आहे का, विचारलं तर म्हणाला, "सर, मागे कोण लावतो?"

कोण लावतो? आपल्याच पालघर जिल्ह्यातलं चारोटी आठवा. ४ सप्टेंबर २०२२, मुंबई-अहमदाबाद हायवे, सूर्या नदीचा पूल. सायरस मिस्त्री होते ती गाडी मर्सिडीज होती, साधीसुधी नव्हे. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. त्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुलाजवळच्या रस्त्याच्या रचनेवरही तेव्हा बोट ठेवलं गेलं, आणि ते ठेवायलाच हवं. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? पट्टा.

मागे बसलेल्याने पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, दंड १००० रुपये. तरी आपल्याकडे लग्नाला निघालेल्या गाडीत मागे चौघं कोंबलेली आणि पोरगं सनरूफमधून अर्धं बाहेर! ब्रेक लागला तर ते कुठे जाईल, विचार करा.

तर घेणाऱ्यांनो, एवढंच करा. त्या मॉडेलला किती तारे आहेत ते विचारा. मागे तिघांनाही पट्टे आहेत का, स्वतः ओढून बघा. आणि गाडी घरी आली की आईबाबांना मागे बसवून पहिल्याच दिवसापासून पट्टा लावायची सवय लावा.

तुमच्या गाडीतले मागचे पट्टे सीटखाली दडपलेत की वापरात आहेत? खरं खरं सांगा कमेंटमध्ये.