खुर्ची कुणाची जाते?

डोंबिवलीत प्रीमियर ग्राउंड म्हटलं की आजच्या पोरांना नेत्यांच्या सभा आठवतात. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात १९९४ पासून फ्रेंच प्यूजो ३०९ गाडी बनायची, हे सांगितलं तर अर्धे जण विश्वासच ठेवत नाहीत. तीनेक वर्षांत खेळ आटोपला. कामगारांशी वाद, काम बंद, १९९७ ला फ्रेंच कंपनीने अंग काढून घेतलं.

इतकी वर्षं एमआयडीसीच्या गेट मीटिंगा कव्हर करतोय. कंपनी बंद पडल्यावर गेटबाहेर कामगार बघितले, साहेब कधी नाही बघितला.

अमेरिकेत एकदा साहेबही गेला. जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर. २००८ च्या मंदीत कंपनी बुडायला आली, सरकारने १३.४ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. (मदत मागायला हे गृहस्थ खासगी विमानाने गेले होते!) आणखी पैसे हवे होते, पण त्यांचा आराखडा ओबामा सरकारला पटला नाही. मार्च २००९ मध्ये निरोप गेला, पद सोडा. त्यांनी सोडलं. कंपनी तरी जूनमध्ये दिवाळखोरीत गेलीच आणि तिथलेही कामगार घरी बसले, हे सांगायलाच हवं.

आता त्याच कंपनीचं आपल्याकडे काय झालं बघा. तळेगावचा कारखाना २००८ चा. डिसेंबर २०२० ला उत्पादन थांबलं. असा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. राज्य सरकारने ती नाकारली. तरी एप्रिल २०२१ ला हजारावर कामगारांच्या हातात ले-ऑफची नोटीस पडली. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला.

वॉशिंग्टनचं ऐकलं, मुंबईचं नाही. का? माझ्या मते कारण साधं आहे. तिथे पुढचा हप्ता सरकारच्या हातात होता. इथे एमआयडीसीची जमीन कधीच देऊन झाली होती. आपली पतपेढीसुद्धा कर्ज देण्याआधी जामीनदार मागते राव.

हे आज लिहायचं कारण म्हणजे डोंबिवलीतले १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचा निर्णय. २०२२ चा आहे, मे २०२४ च्या स्फोटानंतर पुन्हा चर्चेत आला. कारखाने जायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण नवी जमीन सरकारच देणार ना? मग ताबा देण्याआधी लिहून घ्या, किती कामगार सोबत नेणार आणि जे जाणार नाहीत त्यांची देणी कधी देणार. एकदा चावी दिली की मोर्चेच काढायचे.

तुमच्या घरातलं कुणी फेज १ किंवा २ ला असेल तर विचारा, याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंय का. कमेंटमध्ये कळवा, कंपनीचं नाव नको.