गोंगाटातील वाणी

गर्दीच्या दालनात अनेक जण एकदम बोलत असता आपले लक्ष नेमक्या एकाच्याच बोलण्यावर कसे स्थिरावते, हा प्रश्न कोलिन चेरी ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली रीतसर मांडला. आणि ध्वनिसंकेतांच्या अभ्यासात माझी उमर गेली तरी त्याची गोडी यत्किंचितही उणावलेली नाही. दोन कानांच्या मनुष्याला जे सहज साधते ते एकट्या मायक्रोफोनला दुःसाध्य होते, ते तो निकृष्ट असतो म्हणून नव्हे. वक्ता, पंखा, रहदारी आणि भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी ह्या सर्वांची तो एकच बेरीज करतो, आणि कोणता ध्वनी कोणत्या दिशेने आला ह्याची नोंद त्याच्या दफ्तरी राहत नाही.

दुसरा मायक्रोफोन मांडताच ती नोंद होऊ लागते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून दोन मायक्रोफोनांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर ठेवले आणि वक्ता त्यांच्याच रेषेत एका बाजूस बसला, तर त्याचा शब्द दूरच्या मायक्रोफोनपाशी अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. जवळच्या मुद्रणाला तेवढाच विलंब लावून दोहोंची बेरीज केली की शब्दावर शब्द तंतोतंत बसून त्याची शक्ती चौपट होते, उलट परस्परांशी संबंध नसलेला गोंगाट केवळ दुप्पट होतो. हा ३ डेसिबलांचा लाभ, मायक्रोफोनांची संख्या दुप्पट करावी तसा, पुन्हा पदरात पडतो.

ह्याहून सूक्ष्म तजवीज जॅक कॅपन ह्यांनी १९६९ साली भूकंपलहरींच्या अभ्यासाकरिता सुचविली: इष्ट दिशेचा संकेत अबाधित राखून बाकीची शक्ती होईल तितकी घटवावी, म्हणजे गोंगाट जिकडून येतो तिकडे रचना आपोआप बहिरी होते. टॅब्लेटवरील सहा मायक्रोफोनांनी बसमध्ये, उपाहारगृहात आणि रस्त्याच्या नाक्यावर टिपलेले बोलणे ओळखण्याची 'चाइम' स्पर्धा २०१५ साली झाली, तीत अव्वल ठरलेल्या जपानी चमूने ह्याच तत्त्वाचा आधार घेतला होता. तथापि १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिची दिशा वीतभर रचनेला धड पारखता येत नाही.

ओव्या, बोली आणि वृद्धांच्या आठवणी मुद्रित करणाऱ्यांना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे. सर्व मायक्रोफोन एकाच यंत्राला जोडावेत, कारण दोन स्वतंत्र यंत्रांची घड्याळे तासाभरात अर्ध्या मिलिसेकंदाहून कितीतरी अधिक भिन्न चालू शकतात. मायक्रोफोनांतील अंतरे पट्टीने मोजून लिहून ठेवावीत. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येकाचे मूळ मुद्रण स्वतंत्र जपावे. आजच्या गणितास जे साधत नाही ते उद्याच्या गणितास साधेल. परंतु एकदा मिसळून टाकलेल्या ध्वनींतून हरवलेल्या दिशा परत मिळविण्याची खात्री कोणतेही गणित देणार नाही.