नावातील समाजवाद

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव चालला असता पुतण्याने विचारले, "काका, नाझी पक्षाच्या नावात 'समाजवादी' अन् 'कामगार' होते. मग ते कम्युनिस्टांचे भाऊबंदच ना?" आम्ही क्षणभर गप्प झालो.

१ मे १९३३ रोजी हिटलरने कामगारदिन थाटाने साजरा केला. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली. डाखाऊ छळछावणीचे पहिले बंदिवान प्रामुख्याने कम्युनिस्ट व समाजवादीच. कारखाने बहुतांशी मालकांकडेच राहिले. मार्च १९३७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी दोन्ही विचारसरणींचा निषेध केला, पण पाच दिवसांच्या अंतराने, दोन स्वतंत्र परिपत्रकांतून. नाझींविरुद्धचे परिपत्रक जर्मन चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी वाचले गेले.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मात्र वर्षानुवर्षे "दोघे एकच" असे शिकवले होते. पुतण्याही त्याच वर्गात बसलेला. ते त्याला सांगताना जीभ जड झाली.