पोचा दिसला पाहिजे!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यावर आपल्याला नक्की काय येतं, हे आपल्याला कळायला चार वर्षं लागतात. नातेवाइकांना मात्र ते पहिल्याच दिवशी कळलेलं असतं! मेकॅनिकलवाल्याकडे मिक्सर, सिव्हिलवाल्याकडे गळकी टाकी आणि कॉम्प्युटरवाल्याकडे आत्याचा प्रिंटर. मी ईअँडटीसीचा. म्हणजे ज्या वस्तूला बटण, बॅटरी किंवा वायर आहे ती प्रत्येक वस्तू माझी. त्यामुळे मेच्या सुट्टीत मामांचा फोन आला, ‘दुकानासाठी कॅमेरा घ्यायचाय, तू सांगशील तो,’ तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती.

मामांचा विजापूर रोडला जुन्या गाड्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे. पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा आणि दहा-बारा गाड्या, बहुतेक एमएच-१३. पूर्वी गिऱ्हाईक यायचं, टायरला लाथ मारून बघायचं, चहा प्यायचं आणि मग भाव करायचं. आता ते आधी मोबाईलवर फोटो मागतं. अक्कलकोट, उमरगा, पार इंडीपासून माणसं फोटो बघून ठरवतात की यायचं की नाही. मामांची मागणी सोपी होती. ‘गाडी शोरूममधून आत्ता निघाल्यासारखी चकाचक दिसली पाहिजे. बाकी तुझं तू बघ.’

मी यादी करायला बसलो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. आम्हाला तर तो फक्त निवडायचा होता! पण मित्रहो, निवडणं बनवण्याइतकंच अवघड असतं, हे दोन दिवसांत कळलं.

पहिला भ्रम मेगापिक्सेलचा. दुकानदार पहिल्यांदा तोच आकडा सांगतो. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० गुणिले ४००० ठिपके. गिऱ्हाईक तो फोटो बघतं व्हॉट्सॲपवर, जिथे पाठवतानाच तो आकसतो (एचडी पाठवायची सोय २०२३ मध्ये आली, पण ते बटण दाबतो कोण?). फुल एचडी पडद्यावर सगळे मिळून वीस लाखांच्या आसपास ठिपके असतात. म्हणजे आपण हौद भरून पाणी आणायचं आणि समोरच्याने तांब्याने प्यायचं.

दुसरी गोष्ट लेन्सची, आणि इथे आपलं गणित कामाला येतं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या चार मीटरच्या आत असतात, कारण २००६ च्या अर्थसंकल्पात तेवढ्या लांबीच्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि ती सीमा अजून टिकून आहे. चार मीटरची गाडी आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा धरून चौकट पाच मीटरची. मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात ती बसवायला साधारण सव्वातीन मीटरवर उभं राहावं लागतं. तिरक्या कोनातून गाडीचा जवळचा कोपरा दोन मीटरवर असेल, तर लांबचा टेललॅम्प साडेपाच मीटरवर. पावणेतीन पटींचा फरक! म्हणून फोटोत बंपर ढेरीसारखा पुढे येतो आणि डिकी गायब होते. डीएसएलआरची १८-५५ लेन्स ३५ वर ठेवली तर तीच चौकट आठ मीटरवरून मिळते, फरक दीडपटीवर येतो आणि गाडी गाडीसारखी दिसते. मोबाईलमध्ये दुप्पट झूम करून मागे सरकलं तरी बरंच साधतं. मामांना मी एवढंच सांगितलं, ‘कॅमेरा बदलायच्या आधी समोरच्या दोन गाड्या हलवा.’

तिसरी गोष्ट आपल्या सोलापूरच्या उन्हाची. आपलं गाव सुमारे १७.७ अक्षांशावर. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. अशा उन्हात टप आणि बॉनेट पांढरेफटक होतात आणि चाकांच्या कमानी काळ्या ठिक्कर. कितीही महाग कॅमेरा आणा, फोटो काढायची वेळ सूर्य मावळण्याच्या आधीचा तासभर किंवा सकाळी लवकर. ही सूचना पूर्णपणे मोफत होती, म्हणून मामांना फार आवडली.

एवढं सगळं होऊन आम्ही जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात बार्शीकडचे एक निवृत्त मास्तर मुलाला घेऊन आले.

मरून रंगाच्या एका छोट्या गाडीचे फोटो मामांनी जुन्या मोबाईलवरून त्यांना पाठवले होते. सत्तर किलोमीटर एसटीने आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या डाव्या दारापाशी थांबले. दाराला तळहाताएवढा पोचा होता. भर उन्हात काढलेल्या फोटोत तो आलाच नव्हता. मामांनी तो लपवला नव्हता, पण सांगितलाही नव्हता. मास्तर चिडले नाहीत. चहा घेतला आणि उठताना एवढंच म्हणाले, ‘फोटो पाठवला नसता तर एवढं वाईट वाटलं नसतं ओ.’

मामा त्या संध्याकाळी फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘आता मला असा कॅमेरा सांग ज्यात पोचा दिसतो.’

आता आली का पंचाईत! माझ्या यादीत ‘पोलरायझर’ नावाचा एक फिल्टर होता. काचेवरची चमक मारतो, त्यामुळे गाडीच्या आतल्या सीट बाहेरून स्वच्छ दिसतात. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये ब्रूस्टरचा नियम आपण सगळ्यांनी घोकलाय. १८१५ सालचा नियम, काचेसाठी कोन सुमारे ५६ अंश. त्या कोनातून परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आणि फिल्टर फिरवला की तो अडतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थरही काचेसारखाच वागतो. आणि विक्रीचा फोटो ज्या तिरक्या कोनातून काढायची पद्धत आहे, तो नेमका याच कोनाच्या आसपास येतो.

मी मित्राचा डीएसएलआर आणि फिल्टर आणला आणि त्याच मरून दाराचे दोन फोटो काढले. फिल्टरशिवाय काढलेल्या फोटोत दारावर समोरच्या विजेच्या खांबाचं प्रतिबिंब होतं आणि ते पोच्यापाशी सापासारखं वळलेलं. फिल्टर फिरवून काढलेल्या फोटोत रंग गडद, सुंदर आणि पोचा जवळजवळ गुल! कारण सपाट रंगात खोली दिसत नाही, ती प्रतिबिंबात दिसते. आरसा एक अंश कलला की परावर्तित किरण दोन अंश कलतो, म्हणजे पत्र्याचा बारीकसा दोष प्रतिबिंबात दुप्पट होऊन बाहेर पडतो. शेजारच्या डेंटिंगवाल्या चाचांनी ब्रूस्टरचं नाव कधी ऐकलं नसेल, पण ते दारासमोर पेटलेली ट्यूबलाईट धरून तिच्या रेषेकडेच बघतात.

दोन्ही फोटो मामांपुढे ठेवले. शंभर टक्के खरे, काहीही एडिट न केलेले. एकाने गाडी विकली गेली असती आणि एकाने पोचा दिसला असता. मामांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज आहे आणि गाडी जितके दिवस शेडमध्ये उभी, तितकं व्याज चढतं. मामांचे भागीदार तर स्पष्ट म्हणाले, ‘स्वतःच्या मालाची खोड दाखवणारा व्यापारी मी लई शोधला, अजून सापडला नाही.’ मामा बराच वेळ दोन्ही फोटो आलटून-पालटून बघत राहिले आणि म्हणाले, ‘दोन्ही पाठवायचे. काचेचा फिल्टर लावून, दाराचा काढून.’

मग खरेदी. नवीन मिररलेस बजेटबाहेर गेला, म्हणून जुना कॅनन १५००डी बघायला गेलो. २०१८ साली आलेलं मॉडेल, चोवीस मेगापिक्सेल. मामांनी कॅमेऱ्याची तपासणी अगदी गाडीसारखी केली. आधीचा मालक कोण? लग्नाच्या ऑर्डरी केल्या का? मी सांगितलं, गाडीचं जसं किलोमीटर तसं कॅमेऱ्याचं शटर काउंट. ‘ते मागं फिरवता येतं का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. धंद्याचा अनुभव बोलतो तो असा! लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघितली. आपल्या कोरड्या हवेत बुरशीची भीती कमी, धुळीची जास्त. ५८ मिलीमीटरचा पोलरायझरही घेतला.

व्हिडिओ मात्र मोबाईलवरच ठेवला. या कॅमेऱ्याला बाहेरचा माईक जोडायची सोय नाही आणि व्हिडिओत त्याचा फोकस रेंगाळतो. व्हिडिओचा नियम मामांनी स्वतः केला: सकाळी गार इंजिन, किल्ली फिरवण्यापासून सायलेन्सरपर्यंत एकच सलग शॉट, मधे कट नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. बघणाऱ्याला ते बघू दे. मी त्यात दोन गोष्टींची भर घातली. कॉलर माईक बॉनेटजवळ धरायचा. आणि आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शेडमधल्या ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर व्हिडिओत पट्टे धावतात.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आरटीओकडून अधिकृतता घ्यायचा नियम आला. त्यात कागदपत्रं आहेत, जबाबदाऱ्या आहेत. पोच्याचा फोटो पाठवायचा की नाही, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

ती मरून गाडी पुढे तीन आठवडे उभी होती. भागीदार रोज तिच्याकडे आणि माझ्याकडे सारख्याच नजरेने बघायचे. शेवटी तुळजापूरकडचे एकजण आले, थेट मागच्या डाव्या दारापाशी गेले, बोट फिरवून म्हणाले, ‘फोटोत होता तेवढाच आहे,’ आणि मग त्यांनी बाकीची गाडी फारशी तपासलीच नाही. भाव केला, पण पोच्यावरून नाही. आता एका रीडिंगवरून ग्राफ काढू नये, निदान तीन तरी घ्यावीत, हे आपले सर प्रॅक्टिकलला सांगतात. दुसरं रीडिंग सध्या शेडमध्ये उभं आहे: पांढरी सेदान, बंपरला चरा. पांढऱ्या रंगावर चरा पकडणं आणखी अवघड, त्याचे प्रयोग चालू आहेत.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्याही मामांचा, काकांचा फोन येईल. गाड्यांचं दुकान असेल, साड्यांचं असेल, नाहीतर चादरींचं. ‘मेगापिक्सेल किती घेऊ?’ असं विचारतील. त्याआधी त्यांना विचारा, हा फोटो बघून माणूस किती लांबून येणार आहे?