एक ड्रोन, चार खाती

3 मार्च 2023 ही तारीख आमच्या जिल्ह्यातले शिक्षक अजून विसरलेले नाहीत. बारावीचा गणिताचा पेपर अकराला सुरू व्हायचा होता आणि साडेदहाच्या सुमारासच त्याची पानं सिंदखेड राजा तालुक्यातून मोबाईलवर फिरू लागली. विधानसभेत विषय गाजला, गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. जिजाऊंच्या तालुक्याचं नाव राज्यभर अशा कारणानं घेतलं गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढे 2025 च्या परीक्षेसाठी सरकारनं संवेदनशील केंद्रांवर ड्रोनची नजर ठेवायचं ठरवलं आणि मला बोलावणं आलं. मी लग्नाचं शूटिंग करतो. माझा ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘नॅनो’; तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही.

11 फेब्रुवारीला बारावी सुरू झाली. माझं केंद्र एका लहान गावातलं. शाळेच्या मागे हरभऱ्याचं शेत, शेतात विहीर, बाजूला पाण्याची टाकी. मागच्या भिंतीला लागून रस्ता नाही, म्हणून कॉपी पुरवणाऱ्यांची वाट तीच.

केंद्रावर चार खात्यांची माणसं होती. महसूलच्या नायब तहसीलदार मॅडम, पोलिसांकडून ठाणेदार साहेब, पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि अमरावती विभागीय मंडळाच्या सूचना पाळणारे केंद्रसंचालक. शिवाय भरारी पथक कधी येईल याचा नेम नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन मलाच. एक म्हणे फाटकावरची गर्दी दाखवा, दुसरे म्हणे मागची भिंत बघा, तिसऱ्यांना शेजारच्या वस्तीकडचा रस्ता हवा. माझी बॅटरी अर्धा तासही पुरत नाही. मी फाटकावर असताना मागून तिघं खिडकीपर्यंत पोचले. ते मला स्क्रीनवर दिसले, मी ओरडून सांगितलं, “सायन्स लॅबच्या मागे!” बंदोबस्तावरचा शिपाई बाहेरगावचा, त्याला लॅब कुठली ते ठाऊक नव्हतं. पोलीस त्या जागेला ‘टाकीची बाजू’ म्हणत होते. तिघं निघून गेले.

संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बसवलं. जागांना आकडे दिले: फाटक एक, मागची भिंत दोन, हरभऱ्याचं शेत तीन, टाकी चार. परीक्षेमुळे केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं बंद, म्हणून तलाठ्यांनी नकाशाच्या प्रती हातानं काढल्या. मग मॅडम मला म्हणाल्या, “भाऊ, उद्यापासून तुम्ही फक्त माझ्याशी बोलायचं. कुणाला काय बघायचं ते मला सांगतील, मी तुम्हाला सांगीन.” ठाणेदार साहेबांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर वाढला. वर्दीतला माणूस सहसा दुसऱ्या खात्याच्या हुकुमात येत नाही.

केंद्रसंचालक सरांची एकच अट होती: पेपर चालू असताना ड्रोन इमारतीवर आणायचा नाही, कॅमेरा खिडक्यांकडे आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे वळवायचा नाही. त्याची घरघर वर्गात ऐकू येते, मुलं दचकतात. ही अट मला सगळ्यात मोलाची वाटली. पाळत ठेवायची ती कुंपणाबाहेरच्यांवर. आत बसून लिहिणाऱ्या पोरांवर नव्हे.

बॅटऱ्याही वाटून घेतल्या. धोका पहिल्या अर्ध्या तासात आणि शेवटच्या पाऊण तासात, म्हणून उड्डाण तेव्हाच. मधल्या वेळात चार्जिंग. दुपारी वारा वाढतो, घारी ड्रोनवर झेपावतात. तशा वेळी खाली उतरवणं शहाणपणाचं.

पुढच्या एका पेपरला शेतात दोघं वाकून बसलेले दिसले, हातात मोबाईल. मी म्हणालो, “मॅडम, तीन नंबर, दोघं, विहिरीकडे सरकतायत.” त्यांनी वायरलेसवर तेवढंच सांगितलं. दोन शिपाई बांधावरून गेले आणि दोघांना घेऊन आले. मग चित्रीकरण कोणाकडे राहणार हा प्रश्न आला. पोलिसांना पुराव्यासाठी हवं, शिक्षण विभागाला अहवालासाठी. मॅडमनी तिथंच पंचनामा केला: मूळ कार्ड पोलिसांकडे, शिक्षण विभागाला लेखी अहवाल, आणि माझ्याकडे काहीही ठेवायचं नाही. त्यात गावातल्या पोरांचे चेहरे होते. ते कुणाच्या मोबाईलवर फिरायला नकोत.

एवढं पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे. ड्रोन कुंपणाबाहेरची गर्दी दाखवतो, वर्गातली चिठ्ठी दाखवत नाही. 2023 सारखा पेपर सुरू होण्याआधीच बाहेर पडला, तर आभाळातून काहीच थांबवता येत नाही. तिथे हाताळणाऱ्या माणसाची नियत लागते. आणि ड्रोनवर खर्च करण्याआधी खात्यांनी एकत्र बसून जागांची नावं आणि बोलणारा एक माणूस ठरवावा. त्याला पैसे लागत नाहीत.

पालकांना हात जोडून एक सांगणं आहे. फाटकापर्यंत मुलांना सोडा, डबा आणि पाण्याची बाटली द्या, आणि तिथून घरी जा. दोन वाजून दहा मिनिटांनी पेपर सुटतो, तेव्हा घ्यायला या. भिंतीपाशी कुणी उभं राहिलं नाही, तर पुढच्या वर्षी आमच्या गावांत ड्रोन लागणार नाही.