घाटनांदुराहून नाटकास

बालाघाटाच्या पठारावर वसलेलें आमचें घाटनांदूर हें अंबाजोगाई तालुक्यांतील गांव. निजाम संस्थानच्या रेल्वेनें बांधलेल्या विकाराबाद-परळी मार्गावर येथें स्थानक आहे. नाट्यगृह मात्र नाहीं. तेव्हां नाटक पाहावयाचें तर गांवाबाहेर जाणें आलेंच.

यंदाच्या हिंवाळ्यांत राज्य हौशी मराठी नाट्यस्पर्धेस लातुरास जाण्याचा बेत आमच्या घरीं चालला आहे. शासनाचें सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवितें व प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर होते. दिवसा शाळेंत शिकविणारा किंवा बँकेंत हिशेब करणारा गृहस्थ रात्रीं तेथें राजा वा भिकारी होऊन उभा राहतो. रोज नवें नाटक, नवी मंडळी. आणि तिकीट धंदेवाईक नाटकाच्या मानानें अगदींच अल्प.

एका संध्याकाळीसाठीं एवढा खल कशाला, असें वाचक विचारतील. त्याचें कारण आमच्या थोरल्या काकू. आम्ही शाळकरी होतों तेव्हां गणेशोत्सवांत गांवचे पुरुषच स्त्रीभूमिका करीत. नायिकेसाठीं दरवर्षीं काकूंचा शालू जाई. शालू रंगमंचावर मिरवी आणि काकू घरीं आम्हां पोरांना निजवीत बसत. आज त्यांचें वय ब्याऐंशी आहे. गतवर्षीं त्यांस आम्ही मोठ्या हौसेनें नाटकास नेलें. पण जेवणें उरकण्यांत उशीर झाला. पोहोंचलों तों पहिला अंक अर्धा झालेला. अंधारांत चांचपडत शेवटची रांग गांठली. परत येतांना नाटक कसें वाटलें म्हणून विचारलें, तेव्हां काकू म्हणाल्या, "अरे, दिवे फार सुंदर होते हो!" त्यांस एक शब्दहि ऐकूं आला नव्हता. तें वाक्य वर्षभर आमच्या मनास टोंचत आहे.

दोष सर्वस्वीं आमचा. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षागृहाचे ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ असे भेद सांगून मध्यम, म्हणजे ६४ हात लांब व ३२ हात रुंद, हेंच मनुष्यांस योग्य ठरविलें आहे. हात म्हणजे दीड फूट धरिला तर ही लांबी ९६ फूट होते. याहून मोठ्या गृहांत शब्द अस्पष्ट होतो व मुखावरील भाव दुरून दिसत नाहींत, हें त्यांचें कारण. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या आम्हांस हें पाठ होतें. पण काकूंस शेवटच्या रांगेंत बसवितांना त्याची आठवण झाली नाहीं.

म्हणून यंदा पुढीलप्रमाणें ठरविलें आहे. रेल्वेचा मोह धरावयाचा नाहीं. आमच्याकडून जाणारी गाडी पानगांवावरून लातूर रोडास पोहोंचते, आणि लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे. शहर तेथून तीसएक किलोमीटर दूर आहे. नवख्या पाहुण्यांची येथें हटकून फसगत होते. शिवाय नाटक रात्रीं सुटणार. तेव्हां जीपच बरी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेऊन उन्हें असतांनाच निघावयाचें. लातुरास शिकणाऱ्या पुतण्यानें आधीं जाऊन पुढच्या रांगेंतील, शक्यतों कडेच्या जागा धरावयाच्या, म्हणजे काकूंच्या गुडघ्यांस पायऱ्यांचा त्रास होणार नाहीं. कोणतें नाटक, हेंहि आधीं विचारून घ्यावयाचें. स्पर्धेंतील कांहीं नाटकें फार उदास असतात व मुलें कंटाळतात.

हा बेत आम्हीं रात्रीं जेवतांना सर्वांपुढें मांडिला. सुनांनीं शेंगदाणे भाजण्याचें आपल्याकडे घेतलें. काकू कांहींच बोलल्या नाहींत, तेव्हां गतवर्षाच्या अनुभवानें त्यांचें मन विटलें असावें अशी शंका आम्हांस आली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों अंगणांतल्या दोरीवर तो जुना शालू ऊन खात होता. "यंदा तो माझ्याबरोबर येईल," काकू म्हणाल्या, "आणि खालीं बसून पाहील."