हाकेच्या अंतरावर

निवृत्तीनंतर माणसाला मधुमेह तरी होतो, नाहीतर शेती तरी. मला शेती झाली. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. पण राजापूरकडच्या आमच्या गावी आजोबांच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावांत माझंही एक निघालं. भाऊबंदांनी मोठ्या मनाने तीन जागा दाखवल्या. एक डांबरी रस्त्याला, एस.टी.च्या थांब्यासमोर. दुसरी वाडीच्या कडेला. तिसरी वर सड्यावर. तिथे कातळ, करवंदं आणि आकाश.

"सड्यावर!" मी म्हणालो. स्वयंपूर्ण व्हायचं, तर शेजारी हवेत कशाला? नाचणी पेरू, भाजी लावू, गाय पाळू.

"आणि मीठ?" ही म्हणाली. "ते कुठल्या झाडाला लागतं?"

मी कपाटातून थोरो काढून हिच्यापुढे ठेवला. 1845 साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षं एकटा राहिलेला महापुरुष! हिने चार दुपारी खर्चून तो वाचला.

"अहो, तुमच्या महापुरुषाची झोपडी गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर होती. म्हणजे आपल्या घरापासून मंडई! जमीन मित्राची, तळ्याच्या कडेने आगगाडी, आणि एक-दोन दिवसांआड हा गावात गप्पा ऐकायला जायचा."

"आपले आजोबा तरी?"

"मीठ, रॉकेल, कापड बाजारातूनच आणायचे. आणि मुंबईहून मनिऑर्डर आली, की मग आगोट भरायची."

तरी मी हटलो नाही. तालीम म्हणून जूनमध्ये आठ दिवस सड्यावरच्या जुन्या मांगरात राहायला गेलो. तिसऱ्या दिवशी पाणी आणायला निघालो आणि पाखाडीच्या शेवाळावर पाय सटकला. घोटा क्षणात भोपळ्याएवढा झाला. मोबाइलला रेंज नव्हती. मला सोडून जायला ही तयार नव्हती. ही कड्याशी उभी राहून ओरडत होती, "कोण आहे का हो?" आणि पाऊस त्यावर आपला आवाज चढवत होता.

दीड तासाने एक गुराखी आला. वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून डोली केली आणि मला दवाखान्यात पोचवलं. त्या दीड तासात मी संपूर्ण स्वयंपूर्ण होतो. एवढा घाबरलेला मी जन्मात कधी नव्हतो.

हिचा आवाज दोन दिवस बसला होता. "मी सांगत नव्हते?" असं ही एकदाही म्हणाली नाही. आवाज परत आल्यावरही म्हणाली नाही, तेव्हा मात्र मला फार शरमल्यासारखं झालं.

प्लॅस्टर निघाल्यावर वाडीच्या कडेची जागा नक्की केली. मोजणी हिनेच केली. मी शेजाऱ्यांच्या पडवीत बसायचं, हिने आमच्या जागेत उभं राहून हाक मारायची. जिथून ती स्पष्ट ऐकू आली, तिथे चूल मांडली.

आता भाजी घरची, नाचणी घरची, मीठ दुकानातलं. परवा रात्री दोन वाजता पलीकडून हाक आली, "काका, जरा या!" त्यांची म्हैस अडली होती. आम्ही दोघंही धावलो. मला म्हशीतलं काही म्हणता काही कळत नाही. पण बॅटरी मात्र मी रेडकू उभं राहीपर्यंत धरून होतो.